भावाला कोण समजावून सांगणार?

महोदय,

जागतिक कर्करोग दिनानिमित्तची (४ फेब्रुवारी) आपली पुरवणी वाचली. आरशासमोर उभे राहून तोंड तपासा, बदल दिसला तर डॉक्टरांना सांगा, हा सल्ला योग्यच आहे. पण ज्याला वाचता येत नाही, काय दुखते ते सांगता येत नाही, त्याच्यासाठी अख्ख्या पुरवणीत एक ओळ नाही.

माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. टपरीवरची माणसे गंमत म्हणून त्याच्या हातावर मळलेली तंबाखू ठेवायची. एकाएकी त्याने भाकरी सोडली, तिखट कालवण पुढे केले की ताट सरकवू लागला. दवाखान्यात 'हट्टी असतात अशी मुले' म्हणून परत पाठवले. गालाच्या आतली जखम दिसेपर्यंत बरेच महिने गेले.

पुढे मोठ्या रुग्णालयातही सगळे बोलणे माझ्याशीच. लाइट (कर्करोगावरचे किरणोपचार) द्यायच्या दिवशी त्याला फक्त 'फोटो काढायचाय' एवढे सांगितले. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला घट्ट अडकवला आणि सगळे बाहेर, दार बंद! तो जिवाच्या आकांताने ओरडला. फाइलवर शेरा पडला, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. कशाशी सहकार्य करायचे, हे त्याला कुणी सांगितले होते?

दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका तरुण टेक्निशियन मुलीने मुखवटा त्याच्या हातात दिला, स्वतःच्या तोंडावर धरून दाखवला. बाहेरचा टीव्ही दाखवून म्हणाली, 'दादा, मी इथून तुला बघत असते. हात वर केलास की मशीन बंद करून आत येते.' तो निमूट झोपला. हे एका मुलीच्या चांगुलपणावर का अवलंबून असावे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच सोपी भाषा आहे. इंग्लंडमध्ये २०१६ पासूनच सरकारी आरोग्यसेवेला दिव्यांग रुग्णाला समजेल अशा रूपात माहिती द्यावी लागते. मोठी अक्षरे, एका वाक्यात एकच गोष्ट, शेजारी चित्र. आपल्याकडे माझ्या हातात पत्रक पडले ते 'श्लेष्मल त्वचेचा दाह' सांगणारे. ते मलाही कळले नाही. बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटे उभी न जाणे, एवढे चित्रांतून विशेष शाळांत आणि कार्यशाळांत सहज शिकवता येईल. आमच्या मुलांना रोजच्या सवयीने शिकवलेले पक्के लक्षात राहते.

आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागे पानभर जाहिरात होती, पानमसाल्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वेलचीची. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, म्हणून पुडीवर वेलची. माझ्या भावाला अक्षर वाचता येत नाही, पण तो नट आणि ती पुडी त्याने लगेच बोट ठेवून दाखवली. पुढच्या वर्षी ते पान जाहिरातीला देऊ नका. तिथे चित्रांतली माहिती छापा, मी ते कापून त्याच्या कार्यशाळेच्या भिंतीवर लावीन.

– एक वाचक, सांगली