कोरी चिप मागितल्याबद्दल

ताई,

त्या संध्याकाळी घरी निघता निघता तुम्ही माझ्या मायक्रोस्कोपपाशी थांबला नसतात, तर ते आकडे मी दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये खरे म्हणून मांडले असते. आभार तेव्हाच मानायला हवे होते, ते राहून गेलं. आता सगळ्यांसमोर मानते.

नमुन्यातलं प्रथिन जिथं असेल तिथंच मणी चिकटावेत आणि ते मोजून प्रथिन ओळखावं, अशी ती चाचणी. सोन्याचा थर दिलेल्या चिपवर चुंबकीय मणी छान पसरले होते. २.८ मायक्रोमीटरचे, एकसारखे गोल. मी खुशीत होते. तुम्ही डोळा लावलात आणि एवढंच विचारलंत, "कोरी कुठंय?" जिच्यावर नमुन्याऐवजी नुसतं बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण सोडलंय, ती. केली होती मी, पण बघायची बाकी ठेवली होती. बघितली, तर तिच्यावरही जवळजवळ तेवढेच मणी!

तुम्ही रागावला नाहीत. स्टूल ओढून बसलात आणि साखळी वरून खाली म्हणायला लावलीत: मण्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन, त्याला चिकटलेला बायोटिनचा छोटा रेणू, बायोटिन लावलेली अँटीबॉडी, तिनं धरलेलं नमुन्यातलं प्रथिन आणि सगळ्यांत खाली चिपवर बसवलेली अँटीबॉडी. "बायोटिनची पकड सहसा सुटत नाही. खालची कडी बघ," म्हणालात आणि माझी बफरची बाटली उचललीत. ट्रिस.

अँटीबॉडी चिपवर जोडायला ईडीसी आणि एनएचएस या रसायनांनी पृष्ठभागावरचे कार्बॉक्सिल गट सक्रिय केले की समोर येईल त्या अमाइनशी, म्हणजे नायट्रोजन असलेल्या गटाशी, ते जोडले जातात. अँटीबॉडीवर लायसिनची अमाइन असतात, पण ट्रिसच्या प्रत्येक रेणूवरही एक असतं, आणि अँटीबॉडीच्या एका रेणूमागे माझ्या बाटलीत ट्रिसचे हजारो रेणू होते. जागा त्यांनीच अडवल्या. ही गोष्ट मी वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. हातातल्या बाटलीशी तिचा संबंध तुम्ही लावून दिलात.

मग मणी कशाला धरून बसले होते? कशालाच नाही, नुसते टेकले होते. मणी अँटीबॉडीच्या जवळपास दोनशे पट मोठा. उघड्या राहिलेल्या ठिपक्यावर एकदा बसला की व्हॅन डर वाल्स बलं (रेणूंमधलं क्षीण आकर्षण) आणि पाणी टाळणारे भाग त्याला सोडत नाहीत. त्यात मी ब्लॉकिंग, म्हणजे रिकाम्या जागा झाकून टाकणं, घाईत उरकलं होतं, आणि खाली चुंबक इतका वेळ ठेवला होता की मणी पृष्ठभागावर दाबलेच गेले.

पुढचा आठवडाभर तुम्ही रोज अर्धा तास दिलात. जोडणीसाठी ट्रिसऐवजी अमाइन नसलेलं बफर, बीएसए या प्रथिनानं पुरेसा वेळ ब्लॉकिंग, धुण्याच्या बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन हा साबणासारखा पदार्थ. आणि शेवटी चुंबक वरच्या बाजूनं. ते दृश्य मी विसरणार नाही. तुम्ही चुंबक हळूहळू खाली आणत होतात आणि नुसते टेकलेले मणी एकेक करून उचलले जात दिसेनासे होत होते. बांधलेले जागच्या जागी होते. मणी सुपरपॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकीय, त्यामुळे चुंबक काढल्यावर निघालेल्यांचे पुंजकेही झाले नाहीत, प्रवाहाबरोबर सरळ वाहून गेले.

तुमच्या कामाच्या यादीत माझा प्रयोग नव्हता. तुमचं नाव त्या अहवालात कुठंच नाही, हे मला सलतं.

काल पुन्हा तीच चाचणी केली. दोन्ही चिपचे फोटो तुम्हाला वेगळे पाठवलेत. आधी कोरी उघडा, तिच्यावर तीनच मणी आहेत.

तुमची,
शेवटच्या बाकावरची