आई, शनिवारची वेळ मी रद्द केलीय

पुणे, अनंत चतुर्दशी

ती. नाना आणि सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं" म्हणून फोन नानांकडे दिला असता आणि नानांनी पुण्यात पाऊस किती ते विचारलं असतं. म्हणून लिहितेय. काल मी नाशिकच्या त्या क्लिनिकला फोन करून आईची वेळ रद्द केली. नाना, भरलेले वीस हजार परत द्यायला ते कां-कूं करताहेत. त्यांच्याशी मी भांडते, तुम्ही तिकडे जाऊ नका.

तुम्हाला न विचारता केलं, हे चुकलंच. पण पोटावरची चरबी काढायची आणि त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, चेहऱ्यात टोचायच्या, तेही सहा वेळा, हे दादाकडून कळल्यावर माझा डोळा लागला नाही. मी क्लिनिकवाल्यांना एवढंच विचारलं की वांगासाठी, म्हणजे गालावरच्या काळपट डागांसाठी, ह्याला मान्यता कुठाय. "मॅडम, आमचे फोटो बघा," म्हणाले. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, स्टेम सेलबद्दलच्या 2017 च्या सूचना मी बसून वाचल्या. रक्ताच्या काही आजारांत अस्थिमज्जेतल्या पेशी देतात, तो मान्य उपचार. बाकीचं अजून चाचणीत, आणि चाचणीला बसणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आपण पदरचे देऊन बसणार होतो.

नाना, तुमच्या भाषेत सांगते. कोडात रंग तयार करणाऱ्या पेशीच जातात, तिथे नव्या लावण्यात काही अर्थ तरी आहे. वांगात त्या जागेवरच असतात, उन्हाने चेकाळून नको तेवढा रंग करत सुटतात. वेल मेलेली नाही, फूट आवरत नाही. अशा बागेत तुम्ही नवी रोपं लावाल का?

आई, दादाच्या लग्नात विहीणबाईंशेजारी उभं राहायचंय, हे कळतंय गं मला. आणि बारावीच्या सुट्टीत मेडिकलमधून ती ट्यूब मीच आणली होती, हेही विसरलेले नाही. पंधरा दिवसांत उजळलीस, बंद केल्यावर गाल लालभडक. त्यात स्टेरॉइड होतं हे मला फार उशिरा कळलं. तू मात्र आजपर्यंत सगळ्यांना "उन्हानं झालं" असंच सांगत आलीस.

द्राक्षांच्या थिनिंगच्या, घडातले मणी विरळ करायच्या, दिवसांत मी शाळेतून थेट बागेतल्या मांडवाखाली यायचे. तुझ्या हातात कात्री, मान वर, चिकाने काळी पडलेली बोटं. हौदात हात बुडवून मी तुझे गाल धरायचे, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखे लागायचे. "राहू दे अजून जरा," म्हणायचीस.

तर आता ऐका. मंगळवारी अकराला कॉलेज रोडच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नंबर लावलाय. दादा गाडी घेऊन येईल. आईने पुढे बसायचं, मागे तिला मळमळतं. निघण्याआधी पोहे खायचे, चहावर निघायचं नाही. आणि पायात रक्ताची गुठळी झाली होती ते बाईंना सांगायचंच. वांगावर ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या देतात, गुठळी होऊन गेलेल्याला त्या धोक्याच्या. तू लाजून सांगणार नाहीस, म्हणून फाइल दादाच्या हातात.

सनस्क्रीन पाठवलंय, ते मातकट रंगाचं आहे, खराब झालेलं नाही. त्या रंगातलं आयर्न ऑक्साइड नुसत्या उजेडालाही अडवतं, पांढऱ्याने ते होत नाही. दोन बोटं भरून घ्यायचं, मटकीएवढं नाही. ढग असले तरी लावायचं, दुपारी परत लावायचं. लिंबू चोळणं बंद. चुलीवरचं पाणी दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांग, धगही बाधते.

लग्नापर्यंत सगळं जाईल असं खोटं सांगत नाही. फिकं होईल, आणि ऊन सांभाळलं नाही तर परत येईल. पण गाल सुजून, भाजून मांडवात उभी राहिलीस तर मला बघवणार नाही.

नाना, तुमच्या कानाच्या पाळीवरची खपली सहा महिने झाले भरत नाहीये. "काही नाही" म्हणू नका. त्याच दिवशी, त्याच बाईंना दाखवा. घाबरायला नाही सांगत, दाखवायला सांगतेय. तुमचाही नंबर लावलाय, आईच्या मागचा.

मोठ्या काठाच्या दोन टोप्या आहेत, निळी नानांची. आईला बघून हसू नका, नाहीतर ती काढून ठेवेल.

तुमचीच,
बबडी