दाराबाहेरची पायरी

प्रिय चिऊ,

मंगळवारी रात्री दोन वाजता तुझा फोन आला तेव्हा मी गाढ झोपेत होतो आणि उत्तरही तसंच दिलं. 'नियम म्हणजे नियम, झोप आता.' फोन ठेवला आणि माझीच झोप उडाली. तुझी आई उठून बसली. म्हणाली, "काय विचारत होती?" मी म्हटलं, "दाराचं." तिला कळलं. ती काही न बोलता कुशीवर वळली, पण झोप तिलाही लागली नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळतं.

तू जे सांगितलंस ते आधी मांडतो, माझं काही चुकत असेल तर सांग. दारू सोडणाऱ्यांसाठीच्या तुमच्या घरातला, खिडकीजवळच्या खाटेवरचा पाहुणा, दारू सोडून चाळीस दिवस झालेले. रात्री साडेअकराला आला तो पिऊन. ड्युटीवर तू एकटी. पिऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही, हा भिंतीवरचा नियम वाचून दाखवलास, त्याची पिशवी आणून दिलीस, दार लावलंस. तो एक शब्द बोलला नाही. शिवी तरी द्यायला हवी होती त्याने, असं तू म्हणालीस. आणि मग, "बाबा, मी बरोबर केलं ना?"

दार लावलंस ते बरोबरच केलंस. ते मी दिवसा, पूर्ण जागेपणीही सांगेन. पण तुझा प्रश्न तेवढाच नव्हता आणि माझं उत्तर तेवढ्यावर संपलं, म्हणून हे पत्र.

त्या दाराच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. तू चार वर्षांची असताना बाबा 'साइटवर' गेला होता, ते साइटचं प्रकरण तुला अठराव्या वर्षी सांगितलं. चौदा महिने मी अशाच एका घरात होतो. पण त्यातली एक रात्र मी तुला सांगितलेली नाही. आईलाही अर्धीच सांगितली आहे.

प्रार्थनाघराच्या मागे लागून असलेली जुनी इमारत होती ती. बारा खाटा. तिथे आम्हाला पेशंट म्हणत नसत, केस म्हणत नसत, पाहुणे म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. दारावर एक म्हातारा बसायचा, तोही कधीकाळी तिथला पाहुणाच. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती : नाव काय सांगायचं, कधीपासून पितो ते किती कमी करून सांगायचं. त्याने यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "किती नंबर?"

मला कळेचना. "बुटाचा नंबर किती?" तो पुन्हा म्हणाला.

आठ, मी म्हटलं. त्याने आतून एक प्लास्टिकचा टब आणला, कोमट पाणी ओतलं आणि मला बाकावर बसवलं. मोजे पायाला चिकटले होते. ओढून काढायला गेलो तर म्हणाला, थांब, भिजू दे. पाच-सात मिनिटं आम्ही दोघंही काही न बोलता त्या टबाकडे बघत बसलो. पाणी हळूहळू मातकट झालं. मग मोजे आपोआप सुटले. बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, डाव्या टाचेला भेग होती. त्याने टॉवेल दिला, पाय स्वतः पुसले नाहीत. तेवढं मला जमेल, हे त्याने धरलं होतं. मग कोरड्या मोज्यांचा जोड दिला आणि तेव्हा कुठे रजिस्टर उघडलं.

रस्त्यावर राहिलेल्या माणसाचे पाय आधी जातात, चिऊ. बूट काढून झोपलं तर चोरीला जातात, म्हणून कोणी काढत नाही. आठवडाभर ओल्या मोज्यांत राहिलेला पाय सडायला लागतो. लोक देणगीत कोट देतात, पांघरुणं देतात, जुने शर्ट तर ढिगाने. मोजे कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि जुने मोजे दुसऱ्याला देताही येत नाहीत.

तो म्हातारा अडाणी वाटायचा, पण एक गोष्ट त्याला तोंडपाठ होती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले. त्यातलं ५३ वं प्रकरण पाहुण्यांचं : येईल त्याला साक्षात ख्रिस्त आला असं समजून घ्या. हे सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या तसबिरीही होतात. म्हाताऱ्याला आवडायचं ते ६६ वं. ते दारवानाचं आहे. दारावर शहाणा, वयस्कर माणूस बसवा. कोणी दार वाजवलं किंवा गरिबाने हाक मारली की त्याने आधी 'देवाचे आभार' म्हणावं. आधी आभार, चौकशी नंतर. म्हातारा म्हणायचा, रात्री तीन वाजता बेल वाजली की माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघतं, पण मनात मी हेच म्हणतो.

आता ती रात्र.

माझा त्रेसष्टावा दिवस होता. काही आभाळ कोसळलं नव्हतं. उलट त्या दिवशी मला हमालीच्या कामाचे पहिले पैसे मिळाले होते. पैसे मिळाले, वाटेत दुकान लागलं, बस. लोक कारण विचारतात तेव्हा त्यांना दुःखाची गोष्ट हवी असते; बऱ्याचदा कारण एवढंच असतं. रात्री घराशी आलो. म्हाताऱ्याने दार उघडलं, वास घेतला, "थांब" म्हणाला आणि आत गेला. माझी पिशवी घेऊन आला. कपडे कोंबलेले नव्हते, नीट घड्या घातलेल्या होत्या. पिशवी माझ्या हातात दिली आणि दार लावलं.

मी पायरीवर बसलो. शिव्या दिल्या, मग त्याही संपल्या. दहा मिनिटांनी दार उघडलं. मला वाटलं, विरघळला. तो दोन कांबळी घेऊन बाहेर आला, दार स्वतःच्या मागे ओढून घेतलं आणि माझ्या शेजारी बसला. आतल्या दुसऱ्या माणसाला उठवून त्याच्या जागी बसवून आला होता, हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, "आत घ्या ना."

"नाही घेता येणार. आत अकरा जण आहेत, त्यातल्या एकाचा आज तिसरा दिवस आहे." मग जरा वेळाने, "मला बाहेर बसायला मनाई नाही. तोंड तिकडे कर, वास येतोय."

एवढंच. उपदेश नाही, डोक्यावरून हात नाही. मध्यरात्री मला उलटी झाली तेव्हा त्याने मला कुशीवर वळवलं आणि पाठीला पिशवी लावली, उताणा पडू नये म्हणून. दर थोड्या वेळाने खांदा हलवून बघत होता, श्वास चालू आहे ना. उजाडल्यावर तो मला दवाखान्यात घेऊन गेला आणि वाटेत सांगितलं, "तुझी खाट आज दुसऱ्याला जाईल, रांग आहे. आठ दिवस न पिता काढ आणि ये. जागा असेल तर खाट, नसेल तर जेवण."

मी नवव्या दिवशी गेलो. माझ्या खाटेखाली दुसऱ्याचे बूट होते. त्या बुटांचा मला जो राग आला होता, तो दारूच्या दुकानदाराचाही कधी आला नाही! चार दिवस नुसतं जेवायला जात होतो, मग कोपऱ्यातली खाट मिळाली. त्या बूटवाल्याबरोबर पुढे वर्षभर भांडी घासली.

आता तुझ्या रात्रीकडे येतो. त्याला आत घ्यायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. नुकतीच सोडलेल्या माणसाला नुसत्या वासानेही काय होतं, ते मी सांगायला नको. तुमच्याकडे माउथवॉश आणि अल्कोहोलचा सॅनिटायझर कपाटात कुलपात का असतो, हे तू पहिल्याच आठवड्यात विचारलं होतंस. सोबर घर, म्हणजे जिथे प्यायलेलं चालत नाही ते घर, सोबरच राहायला हवं. दुसऱ्या तऱ्हेची घरंही असतात आणि तीही हवीत. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने आधी घर द्या, दारू सोडण्याची अट नंतरही घालू नका, असं काम सुरू केलं. कॅनडात पुढे पाच शहरांत त्याची मोठी चाचणी झाली, आणि अशी माणसं घरात टिकतात असंच दिसलं. मला विचारशील तर कडक घर बरं की बिनअटीचं, हे भांडण मला फुकटचं वाटतं. माझ्यासारख्याला कडक घर लागलं. दुसऱ्या कोणाला कडक घराच्या पायरीवरच मरण आलं असतं. एका छताखाली दोन्ही करू नये इतकंच.

पण पिशवी देणं आणि दार लावणं, यांच्या मध्ये काही गोष्टी असतात. त्या तुला कोणी शिकवल्या नसतील तर तो तुझा दोष नाही. एकट्या पोरीला रात्रपाळीला बसवणाऱ्यांचा आहे, आणि हे मी तिथल्या प्रमुखांना वेगळं लिहिणार आहे, तू नको म्हणालीस तरी.

काय घेतलं, किती आणि कधी, हे विचारायचं. रागाने नाही, डॉक्टर विचारतात तसं. दारूच असेल आणि तो रोज पिणारा असेल, तर प्यायलेला असताना जेवढा धोका असतो तेवढाच ती अचानक बंद झाल्यावर असतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, थरथर, ताप. त्यात माणूस जातो. 'झोपून उठला की बरा होईल' हे वाक्य तोंडात येऊ द्यायचं नाही. आणि गर्द-हेरॉइनसारखं काही असेल तर चाळीस दिवसांचा खंडच घातक ठरतो. शरीराची सवय मोडलेली असते, हात मात्र जुनंच माप घेतो. तुमच्याकडे नॅलोक्झोनचा, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे कुठे ठेवलाय ते आजच बघ. तो मारल्यावर माणूस उठून बसला तरी अँब्युलन्स बोलवायचीच. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि आतलं विष तेवढ्यात संपलेलं नसतं.

प्यायलेल्या माणसाला घेणारा निवारा शहरात कुठे आहे, त्याचा नंबर दारामागे चिकटवलेला हवा. पिशवीत त्याची औषधं आणि कागदपत्रं आहेत ना, ते बघायचं. परत कधी येता येईल, हे दिवस मोजून सांगायचं. नुसतं 'बघू' ऐकलेला माणूस परत येत नाही.

मागच्या महिन्यात तू लिहिलं होतंस की जेवणाआधीच्या प्रार्थनेला बसणं सक्तीचं करावं का, यावर तुमच्यात वाद चालू आहे. मी अजूनही अर्धामुर्धाच आस्तिक आहे, त्यामुळे माझं मत तेवढ्याच किमतीचं धर. प्रार्थना जरूर असू दे. ती नसती तर तो म्हातारा रात्री पायरीवर बसला नसता, हे मला पक्कं माहीत आहे. पण खाटेच्या बदल्यात ती मागू नका. मी पहिले पाच महिने प्रार्थनेच्या वेळी भांडी घासत होतो, आणि कोणी हाक मारली नाही म्हणूनच सहाव्या महिन्यात मागच्या बाकावर जाऊन बसलो.

अमेरिकेतल्या अॅक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या सिस्टर इग्नेशियांची गोष्ट मला फार आवडते. १९३९ साली दारुड्याला हॉस्पिटलात खाट कोण देणार? दारू सोडणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना सुरू करणाऱ्यांपैकी डॉ. बॉब यांनी आणलेला माणूस त्यांनी पोटाच्या विकाराचा म्हणून दाखल करून घेतला आणि फुलं लावायच्या खोलीत त्याची खाट टाकली. नियम पाळणारी बाई, पण खोली शोधून काढली! पुढे बरं होऊन जाणाऱ्या प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा छोटा बिल्ला देत. अट एकच : पुन्हा प्यायची असेल तर आधी येऊन हा मला परत करायचा.

आणि नुसती माया पुरत नाही, हेही ध्यानात ठेव. डोरोथी डे यांचा फोटो तुमच्या हॉलमध्ये आहे. १९३३ साली पीटर मॉरिन यांच्याबरोबर एक सेंट किमतीचं वर्तमानपत्र काढून ज्यांनी ही पाहुणघरांची चळवळ सुरू केली, त्याच. १९५६ मध्ये आगीच्या नियमांवरून त्यांना न्यूयॉर्कमध्ये २५० डॉलरचा दंड झाला. दारात एक गबाळा माणूस उभा होता, त्याने हातात चेक दिला. बाईंना वाटलं अडीच डॉलर असतील. नंतर बघतात तर अडीचशे, आणि तो माणूस कवी ऑडन! लोक ही गोष्ट कवीसाठी सांगतात. मी ती आगीच्या नियमांसाठी लक्षात ठेवली आहे. तुमच्या मागच्या जिन्यात देणगीच्या कपड्यांची पोती रचलेली मी फोटोत पाहिली. ती आधी हलवा.

आई त्या चौदा महिन्यांत एकदाच आली होती. अंगणात उभी राहिली, आत आली नाही. मी तिला कधी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. काल मात्र तिने स्वतःहून दुकानात जाऊन गडद रंगाच्या जाड मोज्यांचे चोवीस जोड आणले. उद्या पार्सल करतोय. दोन तुझ्यासाठी ठेव.

आज पाळी संपली की कोणाला तरी बरोबर घेऊन त्याला शोधायला जा, एकटी नको. बसस्टँड, हॉस्पिटलचं आवार, जिथे मोफत जेवण मिळतं ती रांग. सापडला तर आठ दिवसांचं सांग. खाट दुसऱ्याला गेली असेल तर तेही सांग, लपवू नकोस.

आणि त्याच्या बुटाचा नंबर विचार. माझे जुने बूट आठ नंबरचे आहेत, पण त्याला नऊ लागत असतील तर तसं कळव, मी बघतो.

तुझा,
बाबा