पोर्ट ऑफ स्पेनला जाताय? कापडी पिशवी घेऊन जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादच्या राजधानीतल्या, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमधल्या, खरेदीवरचा लेख वाचला. तीन मॉल, परफ्यूम आणि विमानतळावरची दुकानं, एवढ्यात लेखकाने त्रिनिदाद उरकलं. माझा जावई तिथे पॉइंट लिसासच्या कारखान्यात आहे. मी दिवाळीच्या आधी गेले ती संक्रांतीला परत आले. तीस वर्षं कोल्हापुरात ब्लाउज शिवतेय, त्यामुळे कुठल्याही गावात गेले तरी पाय आधी कापडाकडे वळतात. म्हणून हे पत्र.

मॉल मीही पाहिले. गारवा छान असतो, पण माल बराचसा बाहेरून आलेला. शगुआनस या तिथल्या दुसऱ्या शहरात मेन रोडवर आपल्या पद्धतीच्या कपड्यांची दुकानं ओळीने आहेत, तिथे एक ड्रेस आवडला म्हणून उलटून पाहिला तर लेबलवर सुरत! सात समुद्र ओलांडून सुरतेचा ड्रेस घेण्यात काय हशील?

खरा बाजार जुन्या शहरात आहे. शगुआनसहून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी गाडी, सिटी गेटला सोडते. हे पूर्वीचं रेल्वे स्टेशन. १९६८ साली रेल्वे बंद पडली, इमारत राहिली. तिथून इंडिपेंडन्स स्क्वेअर ओलांडला की फ्रेडरिक स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट आणि शार्लट स्ट्रीट. सगळं पायी होतं.

कापडाची मोठी दुकानं क्वीन आणि फ्रेडरिक स्ट्रीटवर. हा धंदा बराचसा सिरिया-लेबनॉनकडून आलेल्या कुटुंबांनी उभा केला. त्यांची आधीची पिढी गाठोडं पाठीवर टाकून दारोदार कापड विकायची. आता कार्निव्हलमुळे, म्हणजे रंगीत पोशाखांच्या मिरवणुकीच्या सणामुळे, तिथे टिकल्या, लेस, पिसं आणि चकाकणारं ताणाचं कापड इतकं असतं, की मी पहिल्या दिवशी नुसती हात लावत फिरले. कापड मात्र अजून वारावर, म्हणजे यार्डावर, विकतात. मला कोण आनंद झाला! आपल्याकडे वार आता नऊवारीच्या नावातच उरलाय. पण हाताला मीटरची सवय. पाच वार लेस घेतली, घरी टेप लावला, तर पाच मीटरच्या हिशेबाने १७ इंच कमी. एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या गेल्या. दुकानदाराची चूक नाही, माझीच. तेव्हा जाताना हिशेब वारात करून जा आणि पन्हा आधी विचारा.

स्क्वेअरच्या बाजूला जटाधारी कारागीर चामड्याच्या चपला विकायला बसतात. माझ्या पायात कोल्हापुरी. त्यातल्या एकाने ती काढायला लावली, उलटीपालटी करून वेणी पाहिली आणि मान डोलावली. मग मी त्याची घेतली. तळ जाड आहे, पावसात कशी टिकते ते कळेल.

शार्लट स्ट्रीटला शनिवारी सकाळी जा. फुटपाथवर भाजी मांडलेली असते आणि भाव पौंडावर. अळूला 'डशीन बुश' म्हणतात, चवळीच्या शेंगांना 'बोडी'. शेवगा मात्र 'सैजन' म्हणून मिळतो. १८४५ पासून कलकत्त्याच्या बंदरातून जहाजांत बसून गेलेल्या मजुरांनी नेलेला शब्द आहे हा. लांब, दातेरी पानाची 'शॅडो बेनी' हुंगलीत तर डोळे मिटून कोथिंबीर म्हणाल. नाताळच्या सुमारास 'सॉरेल'चे लालभडक ढीग लागतात. ती आपली लाल अंबाडी! आपण पाल्याची भाजी करतो, ते बोंडांचं सरबत करतात. वजन झालं, की वर 'लान्याप' मागायचं, म्हणजे वरची चिमूट. माझ्या लेकीला लाज वाटायची, मला नाही. बाई "आंटी, आंटी" करत दोन मिरच्या टाकायची.

भाजी आणता येणार नाही, हे उघड आहे. सोबत आणायचं तर कोकोची चॉकलेटं आणा. त्रिनितारिओ ही कोकोची जात मुळात त्याच बेटावरची. कैरीचं 'कुचेला' लोणचं आणा. अँगोस्टुरा बिटर्सची, म्हणजे पेयात थेंबभर घालायच्या कडू अर्काची, छोटी बाटलीही आणा. ती तिथेच बनते आणि तिचं लेबल बाटलीपेक्षा मोठं असतं, मापात चुकलेल्या ब्लाउजसारखं. मिरचीचं सॉसही घ्या, पण मोठ्या बॅगेत ठेवा. मी पर्समध्ये ठेवलं आणि विमानतळावर तपासणीत काढून घेतलं. तांबड्या रश्श्यावर वाढलेली मी, तरी त्या सॉसचा अर्धा चमचाच पचवू शकले होते.

लहान स्टीलपॅनही सगळीकडे मिळतात. तेलाच्या पिंपांतून जन्मलेलं वाद्य ते. मडकं घेताना टिचकी मारून घेतो तसं प्रत्येक सूर वाजवून घ्या. काही नुसते भिंतीवर टांगायचे असतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही.

आणि वेळ असेल तर शगुआनसजवळच्या चेस व्हिलेजला कुंभारांकडे नक्की जा. दिवाळीला त्रिनिदादमध्ये सरकारी सुट्टी असते. त्याआधी तिथे पणत्यांच्या राशी लागतात. त्यांना 'दिया'च म्हणतात. एक म्हातारे गृहस्थ चाकावर बसले होते. हिंदी त्यांना येत नव्हतं, मला इंग्रजी धड येत नाही. बोटं दाखवून डझनाचा भाव ठरला.

पैशांचं सांगायचं तर मी गेले तेव्हा तिथला एक डॉलर साधारण आपल्या बारा-तेरा रुपयांचा होता. भाजीवाल्यांकडे मोठी निळी शंभराची नोट काढू नका, सुट्टे ठेवा. आणि संध्याकाळी दुकानं लवकर मिटतात, रस्ते ओस पडतात. अंधाराच्या आत परतीची मॅक्सी धरा. रविवारी तर जाऊच नका.

पणत्या मी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून आणल्या. बारा घेतल्या होत्या, अकरा पोचल्या.

आपली वाचक,
एक शिवणकाम करणारी, कोल्हापूर