साथ शोधायला शिकवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्य सेवक म्हणून लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. उमेदीची वर्षं सातपुड्याच्या पाड्यांवर रक्तनमुने घेण्यात गेली. एक गोष्ट मात्र अजून टोचते, म्हणून हे पत्र.

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि धडगावकडच्या एका पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. निरोप येताच आम्ही पोचलो. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलं, ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी घेतली, ओआरएसची पाकिटं वाटली, साथ आटोक्यात असल्याचा अहवाल दिला. चौथ्या दिवशी पुन्हा रुग्ण, तेही त्याच घरांतून. शेवटी तिथल्या आशाताईंनी मला ओढ्यावर नेलं. वरच्या अंगाची घरं विहिरीचं पाणी पीतच नव्हती. त्यांचा झिरा वेगळा होता, वाळूत उकरलेला हातभर खड्डा, आणि काठावरची सगळी घाण पावसाने त्यात उतरवली होती. त्या रात्री कंदिलापाशी बसून मी वहीत घरवार लिहिलं: कोण आजारी, कधीपासून, पाणी कुठलं. निम्मं पान भरलं तेव्हाच उत्तर दिसलं. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. मधल्या दिवसांत एक लेकरू दगावलं.

साहेब, माहिती गोळा करायची यंत्रणा आपल्याकडे आहे. 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला, एस, पी आणि एल फॉर्म (लक्षणांवरून संशयित, डॉक्टरांनी निदान केलेले आणि प्रयोगशाळेत तपासलेले रुग्ण नोंदवायचे) आले, 2021 पासून सगळं पोर्टलवर गेलं. फॉर्म भरायला आम्ही शिकलो. पण या आठवड्यात आपल्या उपकेंद्रात तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आहेत का, आणि असतील तर उद्या सकाळी कुठल्या घरापासून सुरुवात करायची, हे त्याच फॉर्मवरून ओळखायला शिकवणारं प्रशिक्षण माझ्या वाट्याला कधी आलं नाही. एका सभागृहात दिवसभर स्लाइड, दुपारी जेवण, संध्याकाळी सही. त्याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही.

खानदेशाला याची गरज जास्त आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला. इथली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात, आणि आजाराला जिल्ह्याची हद्द कळत नाही. दर 2 लाख लोकांमागे एक प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ असावा, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्यमापनातला निकष आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून साधारण 79 लाख लोक, म्हणजे चाळीसेक माणसं हवीत.

ही माणसं बाहेरून आणू नका. कंत्राटी डॉक्टर वर्षा-दोन वर्षांत निघून जातात, दोष त्यांचा नाही. आरोग्य सेवक, सेविका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ तिथेच वर्षानुवर्षं राहतात. नोकरी न सोडता करता येणारा तीन महिन्यांचा क्षेत्रीय साथरोग अभ्यासक्रम देशात आहेच. तो धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, मराठीतून चालवा. थोडे दिवस वर्ग, बाकी आपल्याच गावात काम: रुग्णाची व्याख्या ठरवणं, यादी करणं, नकाशावर घरं मांडणं, नमुना वेळेत आणि थंड ठेवून पाठवणं. प्रश्न पावरी, मावची, अहिराणीत विचारायची सवयही तिथेच लावा. मराठीत विचारलं की म्हातारी माणसं नुसती मान हलवतात आणि आपण 'नाही' लिहून पुढे जातो. आशाताईंनाही एखाद्या तुकडीत बसवा, तो झिरा त्यांनीच दाखवला होता.

शिकलेल्या माणसाला मग निदान तीन वर्षं त्याच तालुक्यात ठेवा, आणि साथ आली की त्याच्या गाडीला डिझेल मिळेल एवढं बघा.

ती वही माझ्याकडे अजून आहे. पहिली तुकडी बसली की धुळ्याला स्वखर्चाने येऊन ती त्यांच्यापुढे उघडीन.

आपला नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायक
जि. नंदुरबार