आई, तू विचारलंस ना मी कोरियन काय बघते

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला लागले की आई तू दोन मिनिटांत "जेवलीस का" वर येतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

मी बघितली ती सीरियल द रेड स्लीव्ह, 2021 ची, फक्त 17 भाग (आपल्याकडे 17 भागांत नुसती हळद होते). राजा खराखुरा, जोसन घराण्यातला जोंगजो, 1776 ला गादीवर आला. हा लहान असताना 1762 मध्ये ह्याच्या सख्ख्या आजोबांनी, म्हणजे तेव्हाच्या राजाने, ह्याच्या वडिलांना भर उन्हाळ्यात तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडून मारलं, आठ दिवस लागले जीव जायला. आणि ज्यांनी बाप मारला त्याच आजोबांसमोर ह्याने रोज आज्ञाधारक नातू म्हणून उभं राहायचं. बाबा, तुम्ही म्हणता ना कर्तव्य कर्तव्य, हे बघा एकदा.

पण मला धरून ठेवलं ते दोक-इमने. राजवाड्यातली दासी, राजाला आवडते, आणि ती चक्क नाही म्हणते, तेही दोनदा. हे लेखकाच्या डोक्यातलं नाही हं, ती गेल्यावर राजाने स्वतः तिच्या समाधीच्या लेखात लिहिलंय. पहिल्यांदा ती रडून म्हणाली की राणीला अजून मूल नाही, मी कशी हो म्हणू. पुढे बऱ्याच वर्षांनी परत विचारलं तरी नाहीच, तेव्हा त्याने तिच्या नोकराणीला शिक्षा केली आणि मग ही तयार झाली. हे कळल्यावर हिरो मला जरा कमीच आवडायला लागला, खरं सांगते. मुलगा झाला तो 1786 ला गोवराने गेला, त्याच वर्षी पोटात बाळ असताना तीही गेली. सीरियलमध्ये ती जाताना राजाला सांगते की पुढच्या जन्मी दिसलो तर ओळख दाखवू नका, तसेच पुढे जा. आई तू वटपौर्णिमेला सात जन्म मागतेस (आणि बाबा पेपरामागे हसतात) म्हणून तुझी फार आठवण आली तेव्हा. राजावर तिचं प्रेम नव्हतं असं नाही गं, पण स्वतःचं असं काहीच उरणार नाही हे तिला आधीच कळलेलं, आणि ते ती बोलून दाखवते. आपल्याकडे त्याग करणारी बाई बोलत नाही म्हणून तर तिचं कौतुक होतं.

आता मुद्द्याचं. ह्याच राजाने 1795 ला आईच्या साठीला तिला पालखीत बसवून सुवॉनला नेलं, वडिलांच्या समाधीला, 6 हजारांच्या आसपास माणसं बरोबर, वाटेत हान नदीवर होड्या जोडून पूल केला. आई-वडील दोघंही 1735 चेच, म्हणजे वडील असते तर त्यांचीही साठीच. त्या माउलीने "कशाला एवढा खर्च, माझं काय अडलंय" म्हटलं असेल का? तू नक्की म्हटलं असतंस. गुडघ्याच्या ऑपरेशनचं तेच चाललंय तुझं, आधी दिवाळी, मग दादाच्या पिंकीची परीक्षा, आता म्हणे तुला रजा पडेल. मला नदीवर पूल नाही बांधायचा आई, फक्त ऑफिसात रजेचा अर्ज टाकायचाय, तो मी टाकलाय आणि मंजूरपण झालाय. तुला खरंच भीती वाटत असेल तर तसं सांग, मग डॉक्टरांशी परत बोलू, पण माझ्यासाठी म्हणून पुढे ढकलू नकोस, मी मागितलेलं नाहीये ते.

बाबा, मेडिक्लेमची फाइल कपाटातून काढून ठेवा आणि मागचे एक्सरे पण. पहिला भाग मी आल्यावर एकत्र बघू, आईला सबटायटल वाचायला कंटाळा आला तर मी सांगत जाईन.

तुमची,
मनू