नगरसेवक झालेल्या मुलास

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

"नगरसेवक झालो म्हणून काय इंजिनिअरिंगचं ऑफिस बंद करू?" असं परवा फोनवर चिडून विचारलंस. मुळीच बंद करू नकोस. बैठक भत्त्यात घरचं दूधसुद्धा भागत नाही. शिवाय खुर्चीपलीकडे ज्याच्या पोटापाण्याची सोय नाही, त्याला पक्षातल्या वरच्यांपुढे 'नाही' म्हणायची सोय नसते. खासदार-आमदारांनी वकिली करावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ते काही पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, असं म्हणून न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांची वकिली चालू ठेवली. तेव्हा तू कमव. माझं म्हणणं आहे ते पैसे कोण देतो याबद्दल.

निकालानंतर तुझ्या ऑफिसात येऊन बसलो, तेव्हा बघत होतो. पूर्वी कोणाचं एक खोली वाढवायचं, कोणाचं पत्र्याच्या शेडचं काम यायचं आणि माणूस फीसाठी तासभर घासाघीस करायचा. आता लेआऊटवाले येतात. फी किती ते विचारतसुद्धा नाहीत. अरे, नकाशा तर त्यांच्या जुन्या इंजिनिअरनेही काढला असता, तोही स्वस्तात. फाईलवर तुझं नाव बघून बांधकाम विभागाने ती लवकर हलवावी, त्याचे ते पैसे आहेत.

१९६५ चा नगरपरिषद कायदा तू वाचला असशीलच. पालिकेच्या ठेक्यात आडून हिस्सा असला तरी पद जातं. ज्या विषयात आपल्या गिऱ्हाइकाचं काम अडकलंय, त्याच्या बाजूने मत देणाराही अडकतो. पण हे झालं सभागृहातलं. अभियंत्याला केलेला "जरा बघा ना साहेब" हा फोन कुठल्या इतिवृत्तात येतो? माझी सगळी नोकरी स्थानिक निधीच्या लेखापरीक्षणात, म्हणजे पालिकांसारख्या संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. बिलावर नगरसेवकाचं नाव कधी दिसायचं नाही. मेहुण्याचं असायचं, नाहीतर सालदाराचं. एका कामाच्या तीन निविदा, तिन्ही वेगळ्या ठेकेदारांच्या, पण अक्षर एकाच हातचं. 'सिमेंट' हा शब्द तिन्हीकडे सारखाच चुकलेला. आम्ही आक्षेप काढायचो, अनुपालन, म्हणजे चूक सुधारल्याचं उत्तर, यायचं नाही, पुढच्या वर्षी तोच आक्षेप पुन्हा लिहायचो.

तू म्हणशील, मी काही चुकीचं मंजूर करून देत नाही. एच. जी. मुद्गल यांचं प्रकरण वाच. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे हे काँग्रेसचे सदस्य मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचं काम सभागृहात करत होते. चौकशी समिती नेमायचा ठराव स्वतः नेहरूंनी मांडला, आपल्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध. हकालपट्टी होणार असं दिसल्यावर मुद्गलांनी राजीनामा दिला. तरी सभागृहाने ठराव केलाच की ते हकालपट्टीलाच पात्र होते. मागणी रास्त असती तरी काय फरक पडला असता? ती मांडण्याचे पैसे घेतले, तिथेच सगळं संपलं. आणि २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदार गेले, त्यातले दोन आपल्याच जिल्ह्यातले: एक जळगावचे, दुसरे एरंडोलचे. आपल्याकडे लोक हळहळले ते 'एवढ्याशा रकमेसाठी?' म्हणून. रक्कम मोठी असती तर चाललं असतं की काय, कोण जाणे!

राज्यसभेच्या सदस्यांना कुठे संचालक आहोत, कुठे पैसे घेऊन सल्ला देतो, हे नोंदवून द्यावं लागतं. तूही एक वही घाल. गिऱ्हाइकाचं नाव, काम, फी, आणि त्याचा पालिकेत काही विषय आहे का, एवढं लिही. विषय असेल तर काम दुसऱ्या इंजिनिअरकडे पाठव. सभेत तो विषय आला की उठून बाहेर जा, आणि गेल्याची नोंद इतिवृत्तात करून घे. विरोधक हसतील, हसू देत.

शाळेमागच्या लेआऊटचं काम तू घेतलंस म्हणे. ते सोड. आगाऊ घेतलेली रक्कम चेकने परत कर, रोख नको. सोबत दोन ओळींचं पत्र दे आणि पोच घे. पोचेची झेरॉक्स मला पाठव, नाहीतर मी आक्षेप काढीन.

तुझे,
अप्पा